खाजामियाँची ठेंगणी खिडकी

सास्तुरात तुम्ही कुणाचंही घर विचारा, सांगणारा जरा घुटमळतो. घरं भूकंपानंतरची, बरीचशी एकाच तोंडवळ्याची. हे सोडा, ते सोडा, मग उजवीकडं वळा, असं काहीबाही सांगतो. पण खाजामियाँ गवंड्याचं घर विचारलंत की शेंबडं पोरगंसुद्धा हात लांब करून म्हणतं, "ते काय, जिथं बाज भाईर हाय, ते."

बाज बाहेर म्हणजे अंगणात, चार खांबांवर टाकलेल्या पत्र्याखाली. बाभळीच्या लाकडाची, चांगली ऐसपैस, सुंभानं विणलेली. उन्हाळा असो, हिवाळा असो, पावसाची झड लागलेली असो, खाजामियाँची पाठ टेकायची ती त्या बाजेवरच. पाऊस तिरपा यायला लागला की तो खांबाला ताडपत्री बांधायचा. तरी पाय भिजलेच तर पोटाशी घ्यायचा, पण उंबरा ओलांडून आत निजायला जायचा नाही.

आता यातली गंमत बघा. गावातल्या निम्म्या लोकांच्या डोक्यावर छप्पर घातलं ते याच माणसानं. घर पुरं झालं की मालकाच्या पाठीवर थाप मारून सांगायचा, "बिनघोर निजा. भिंतीच्या कमरेला सळयांचा पट्टा बांधलाय म्या. जमीन हलली तर घर हलंल, पर पडायचं न्हाय." मालक बिनघोर निजायचा. अन् खाजामियाँ घरी येऊन, हातपाय धुऊन, पत्र्याच्या कडेनं चांदण्या बघत बाजेवर पडायचा.

दुसरी गंमत त्याच्या खिडकीची. त्यानं बांधलेल्या घरांच्या खिडक्या कशा, दोरी लावून बघावी अशा एका ओळीत, छातीएवढ्या उंचीवर. अन् त्याच्या स्वतःच्या घराची अंगणाकडची खिडकी मात्र गुडघ्याएवढी! येणाराजाणारा टोकल्याशिवाय राहत नसे.

"काय खाजामियाँ, खिडकी बसवताना हातातनं निसटली का काय?"

"बायकूला इचारा," तो म्हणायचा.

बायको शरिफाबी. सरकारी दोन खोल्यांना जोडून त्यानं तिसरी खोली बांधायला काढली, तेव्हा भिंत वर येत असताना ती जवळ येऊन उभी राहिली होती. "खिडकी नीचे लेव जी," म्हणाली. त्यानं आपली गवंड्याची अक्कल सांगितली, की खालची खिडकी वाईट दिसते, शेळ्या तोंड घालतात. तिनं ऐकून घेतलं अन् परत तेच म्हणाली. "और नीचे. हवा लगती." त्यानं चरफडत दोन थर उतरवले. तिनं खाली बसून बघितलं, अजून एक थर उतरवायला लावला. गवंड्याचं घर, अन् गवंड्याचंच चाललं नाही, हा विषय गल्लीला पुढं वर्षभर पुरला.

खाजामियाँ बाहेर का निजतो, हे मात्र कुणी विचारत नसे. ठाऊकच होतं सगळ्यांना. जुन्या गावातली घरं मातीत बसवलेल्या दगडांची, अन् वर माळवद, म्हणजे लाकडांवर मातीचा जाड थर. पावसाळा तोंडावर आला की माळवदावर नवी माती टाकायची, ही रीत. जुनी काढायची नाही, वरून नवी टाकायची. आजोबानं टाकलेली, बापानं टाकलेली, सगळी तशीच डोक्यावर. भूकंपाच्या सालीही मृगाच्या आधी खाजामियाँनं टोपल्यांनी माती वाहिली. तेव्हा मिसरूड फुटलेलं पोरगं ते. अम्मी खालून सांगत होती, "कोने में गळता, वां जादा डाल." त्यानं जादा टाकली.

मग गणपती विसर्जनाची मिरवणूक आली. ताशा वाजवावा तो खाजानंच, असं गावात होतं. शेजारी झांज घेऊन बिभीषण, मेंढरं राखणाऱ्याचा पोरगा, त्याचा लंगोटीयार. वाजवून वाजवून दोघांचे हात सुजले. घरी जायचाही कंटाळा करून दोघं शाळेपुढच्या मैदानात पडले, ताशा उशाला घेऊन. पहाटे जमीन हलली. घरात अम्मी होती अन् धाकटी बहीण शाहीन. त्यापुढचं खाजामियाँ कधी कुणाला सांगत नसे, तेव्हा आपणही नको सांगायला.

शरिफाबी लग्न होऊन आली ती भूकंपानंतर. तिला वाटलं, नवं नवं आहे, चार दिवसांनी येईल माणूस आत. माणूस आला नाही. तिनं भांडण केलं नाही, रडगाणं गायलं नाही. नवी खोली झाल्यावर तिनं आपलं अंथरूण त्या ठेंगण्या खिडकीखाली टाकलं अन् रोज रात्री गजांतून विचारायला लागली, "सोए क्या जी?"

"नै, अब्बी कां."

की मग सुरू. पोरांची शाळा, लेक फरहानाचा दुखरा दात, झुबेरच्या मास्तरांची तक्रार, उमरग्याच्या मावशीनं लग्नात कसा मान दिला नाही. ती आत आडवी, हा बाहेर आडवा, मध्ये भिंत. बोलणं गजांतून ये-जा करायचं अन् सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. बिभीषणाची बायको धुरपताबाई तर म्हणायची, "खाजाभावजी, मावशीचं पुढं काय झालं ते काल ऐकायचं राहिलं बगा. डोळा लागला."

असा संसार झाला. फरहाना लग्न होऊन उमरग्याला गेली. झुबेर हैदराबादेत एसी दुरुस्तीच्या कामाला लागला, तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. बापाला मोठ्या हौसेनं घेऊन गेला. रात्री सगळे झोपले असं वाटल्यावर खाजामियाँ उशी काखेत मारून जिन्यानं खाली आला अन् वॉचमनच्या खुर्चीशेजारी पडला. वॉचमननं चोर समजून शिट्टी फुंकली, सगळी बिल्डिंग गॅलरीत आली. झुबेरला हसावं का रडावं कळेना. दुसऱ्या दिवशी खाजामियाँ सास्तुरात, बाजेवर.

ही गोष्ट तो स्वतःच हसत हसत सांगायचा. सोलापूरची गोष्ट मात्र सांगत नसे.

सोलापूरच्या दवाखान्यात शरिफाबीला ठेवलं होतं, वरच्या मजल्यावर. हवा पाहिजे म्हणून तिनं खिडकीजवळची कॉट मागून घेतली होती. खाजामियाँ दिवसभर तिच्या पायाशी बसायचा. दिवे लागले की तीच म्हणायची, "जाव तुमी, नीचे सो जाव." मग तो खाली यायचा अन् आवारातल्या लिंबाखाली चादर अंथरायचा. अशाच एका पहाटे फरहाना पळत खाली आली. तो वर पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

त्याला आता तीन वर्षं झाली. खिडकी गप्प झाली. खाजामियाँ सकाळी आत जायचा, चुलीवर दोन भाकरी टाकायचा, भांडी घासून पालथी घालायचा अन् बाहेर यायचा. तिसऱ्या खोलीत जायचं कामच पडत नसे. झुबेरचा फोन रविवारी यायचा. बाकीचे वार यायचे तसे यायचे, जायचे तसे जायचे. अंधार पडल्यावर बाजेवर आडवं झालं की त्याचा कान आपोआप खिडकीकडं लागायचा. मग त्याच्या लक्षात यायचं, अन् तो कूस बदलून रस्त्याकडं तोंड करायचा.

अशात एका दुपारी स्कूटीवरून ज्ञानेश्वरीताई आली. लोहारा गावची पोर, भूकंपानंतर जन्मलेली, एका संस्थेत काम करणारी. बाजेच्या कडेवर बसून, चहा घेऊन, तिनं जे सांगितलं ते ऐकून खाजामियाँच्या हातातली बशी तशीच राहिली.

नेपाळात, लांब डोंगरात, भूकंपानं गावं पडली होती. ती उभी करायला वेगवेगळ्या देशांतून स्वयंसेवक गवंडी जमणार होते. दिवाळी झाली की जायचं, हिवाळाभर राहायचं, तिथल्या गवंड्यांबरोबर काम करायचं. "पण चाचा, खरी अडचण वेगळीच आहे," ती म्हणाली. "पहिली काही घरं बांधून झालीत, पण माणसं आत जाईनात. थंडीत ताडपत्रीखाली राहतात. आम्ही सांगून पटत नाही. ज्यानं हे सोसलंय, असा माणूस पाहिजे. तुम्ही याल?"

"येतो," खाजामियाँ म्हणाला. विचार केलाच नाही त्यानं.

याला कारण टमाटे साहेब. भूकंपानंतर कुठकुठल्या देशांतून माणसं मदतीला आली होती, त्यातला एक. नाव कुणाच्या जिभेवर बसेना. उन्हात असा लाल व्हायचा की गावानं त्याचं बारसंच करून टाकलं. तो खाजाबरोबर दगड उचलायचा. एकदा त्यानं भाकरीवर ठेचा घेतला, चटणी समजून घासभर, अन् डोळ्यांतनं घळाघळा पाणी. गाव त्या दिवशी पहिल्यांदा हसलं. अन् हसताहसताच सगळ्यांना रडू फुटलं, टमाटे साहेबही मग ठेचा सोडून खराखुरा रडायला लागला. तो कुठल्या देशाचा होता, हे खाजाला शेवटपर्यंत कळलं नाही. पण कुणीतरी आला होता, शेजारी बसून जेवला होता, हे त्याच्या मनातून कधी गेलं नाही.

बातमी चौकात पोचली तेव्हा माणिकप्पाच्या हॉटेलात दुसरा विषय नव्हता.

"पगार किती म्हणं?" माणिकप्पानं विचारलं.

"पगार न्हाय. राहणं-खाणं त्यांचं."

"आन् पासपोर्ट?"

"लागत न्हाय. मतदानाचं कार्ड चालतंय."

"बघा!" माणिकप्पानं गिऱ्हाइकांना साक्षीला घेतलं. "पगार न्हाय, पासपोर्ट न्हाय. ह्यो कसला परदेस? ह्यापरीस आमचं गुलबर्गा बरं."

सगळे हसले. बिभीषण तेवढा हसला नाही. हॉटेलातून बाहेर पडल्यावर त्यानं खाजामियाँचा दंड धरला. "खाज्या, तिथं निजणार कुठं तू?"

"बघू की."

"काय बघू?"

"आरं, असंल की एखादं झाड."

झाडाचं उत्तर उमरग्याच्या बाजारात मिळालं. दिवाळीच्या सुमाराला तिथं रस्त्याकडेला स्वेटरवाले येऊन बसतात, त्यातला एक नेपाळचाच निघाला. खाजामियाँनं जाड स्वेटर घेतला, कानटोपी घेतली अन् मोठ्या आनंदानं सांगितलं, की तुझ्याच मुलखात निघालोय. स्वेटरवाला खूश. त्याच्या हिंदीत अन् खाजामियाँच्या दख्खनीत झकास जमलं.

"तुमारे में घर को क्या बोलते?"

"घर."

"घरच?"

"घर ही बोलते हैं, चाचा."

खाजामियाँला याचं इतकं कौतुक वाटलं की त्यानं हातमोजेही घेतले. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाहर सोने को जमता क्या, उधर?"

स्वेटरवाल्यानं त्याच्याकडं बघितलं. त्याला वाटलं, चाचा थट्टा करतोय. "पहाड़ में? जाड़े में?" तो म्हणाला. "सुबह बर्फ में से निकालना पड़ेगा, चाचा."

बसमध्ये खाजामियाँनं हातमोजे घालून बघितले, काढून परत पिशवीत ठेवले. घरी पोचतो तोच ज्ञानेश्वरीताईचा फोन. "राहायची सोय झाली बरं का चाचा. शाळेच्या माडीवर खोली आहे, सगळे तिथंच." तो "बरं, बरं" म्हणाला. फोन ठेवून बाजेवर जाऊन बसला.

बिभीषणानं मग सूत्रं हातात घेतली. त्याचं म्हणणं, माणूसही जनावरासारखाच, नव्या गोठ्याची सवय हळूहळू लावायची. आधी दिवसा निजायचं. दार उघडं ठेवायचं. "म्या दारात बसतो. काय हाललं-डुललं तर तुला पयल्यांदा हाक मारतो. मग तर झालं?"

दुपारी जेवणं झाल्यावर खाजामियाँ पहिल्या खोलीत, दाराशेजारी, चटईवर आडवा झाला. बिभीषण उंबऱ्यात, काठी मांडीवर घेऊन, त्याच्या दोन शेळ्या अंगणात. वर स्लॅब. खोली सरकारी, पण बांधताना तोही कामावर होता; भिंतीतली एकूणएक सळई खाजामियाँला तोंडपाठ. कोपऱ्यात कुठं वाकवली, पट्टा कुठं बांधला, सिमेंट किती दिवस भिजवलं. डोक्याला सगळं पटत होतं. छातीला पटत नव्हतं. त्यानं डोळे मिटले की वरून टोपलीतली माती पडल्याचा आवाज यायचा.

"बिब्या."

अंगणातली शेळी तेवढी ओरडली.

"बिब्या, जागा हाईस न्हवं?"

पहारेकरी घोरत होता. तेवढ्यात रस्त्यानं उसाची भरलेली गाडी गेली. खिडकीची काच थरथरली, अन् पुढचं खाजामियाँला कळलंच नाही. भान आलं तेव्हा तो गल्लीच्या मधोमध उभा, अंगात बनियन, काखेत उशी. अन् शेजारी बिभीषण, अनवाणी, हातात शेळीचं दावं.

"तू कशाला पळालास?" खाजामियाँ धापा टाकत म्हणाला.

"तू पळालास म्हणून!"

"आरं, उसाची गाडी हुती."

"मग मला काय ठावं? म्या निजलो हुतो की!"

समोरच्या ओट्यावरच्या बाया पदरात तोंड घालून हसायला लागल्या. धुरपताबाई बाहेर आली, दोघांकडं बघून म्हणाली, "ह्यास्नी पहाऱ्यावर बसवलं व्हय भावजी? आवं, ह्यांच्या उशाशी अजून तांब्यावर पेला ठिवावा लागतोय. जमीन हालली की पेला पडंल, मंग आमी उठू, म्हणून. तेवढं असंल तरच डोळा लागतो ह्यांचा."

बिभीषण ओशाळला. इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यानं खाजाला सांगितली नव्हती. "मांजरानं चार-दोन बारीला पाडला," तो पुटपुटला. "समदी गल्लीत. लेकरासकट."

दोघं बाजेवर बसून पोटभर हसले. पण बिभीषण शेळ्या घेऊन गेल्यावर खाजामियाँचं हसू तिथंच राहिलं. पेला ठेवून का होईना, बिभीषण आत निजत होता.

नंतरही त्यानं दोन-तीनदा करून बघितलं. दर वेळी बाहेर. एकदा तर काहीच हललं नव्हतं, नुसती वरून पाल चुकचुकली.

जायचं दोन दिवसांवर आलं तशी ज्ञानेश्वरीताई आली. खाजामियाँनं चहा केला नाही. उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "ताई, माझं नाव काढा. म्या घरात निजत न्हाय. भूकंपापासनं. तिथं जाऊन लोकांना काय म्हणू, आत जावा म्हणून? उद्या एखादीनं इचारलं, तुमी कुठं निजता चाचा, तर काय तोंड दाखवू?"

तिनं बाजेकडं बघितलं. बाज तिनं आधीही पाहिली होती, त्यावर बसून चहा प्याली होती. खेड्यातला माणूस, हवेला निजत असेल, असं तिला वाटलेलं.

"मला माहीत नव्हतं चाचा," ती म्हणाली. "खोटं बोलून मी तुम्हाला नेणार नाही. बाहेर निजायची तिथं सोयच नाही, थंडीनं जीव जाईल. दुसरा माणूस बघायला मला उद्या सकाळपर्यंत वेळ आहे. उद्या फोन करते. नाही म्हणालात तरी राग नाही."

तिनं राग धरला असता तर बरं झालं असतं. स्कूटीचा आवाज कोपऱ्यावर विरला, अन् घर, अंगण, पत्रा, सगळं एकदम मोठं मोठं वाटायला लागलं. झुबेरला फोन करावा म्हणून त्यानं नंबर लावला. पोरगा म्हणाला, "अब्बा, काम पर हूं, बाद में करता." बरोबरच होतं. रविवार नव्हता.

दिवस बुडाला, मगरिबची अजान झाली. नमाज पढून खाजामियाँ उठला अन् मनाशी म्हणाला, बाजच आत न्यावी. अंगाखाली ओळखीचं काही असलं तर जमेल कदाचित. त्यानं बाज उचलून दारापर्यंत आणली. सरळ घातली, बसेना. आडवी केली, बसेना. उभी केली, तर वर चौकटीला लागली. बाज त्यानं अंगणात बनवली होती, अंगणासाठीच. दाराच्या मापाशी तिचा कधी संबंधच आला नव्हता. दारातली बाज काढताना त्याचं बोट चेंगरलं. ती परत पत्र्याखाली जागच्या जागी ठेवून, उशी तिच्यावर टाकून तो रिकाम्या हातानं आत गेला.

दाराशेजारी निजून झालं होतं. मधल्या खोलीत भांडी, कणग्या. राहिली तिसरी खोली.

शरिफाबीची वाकळ फरहानानं घडी घालून कोनाड्यात ठेवली होती. त्यानं ती काढली. वाकळीला अजून शरिफाबीच्या तेलाचा वास होता, थोडा. शहाबादी फरशीवर एक जागा इतर फरशीहून गुळगुळीत झालेली, खिडकीखाली. तिथंच त्यानं वाकळ अंथरली, दिवा मालवला अन् तिचं डोकं जिकडं असायचं तिकडं डोकं करून आडवा झाला.

अन् गजांतून त्याला बाज दिसली.

सबंध बाज. पायथ्यापासून उशीपर्यंत. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पत्र्याखालून नेमका उशीवर पडत होता. तिथं माणूस असता तर त्याचं तोंड दिसलं असतं, डोळे उघडे का मिटलेले तेसुद्धा.

खाजामियाँ उठून बसला. गवंड्याचा डोळा तो, नुसतं बघून गप्प कसा राहील? आतली फरशी जोत्यावर, म्हणून खिडकीची खालची कड आतून जेमतेम वीतभर उंच; त्यानं तिच्यावर हात ठेवला. उतरवलेले थर मनातल्या मनात एक एक करून परत चढवले अन् पुन्हा आडवा होऊन बघितलं. एक थर वर, बाज निम्मी गेली. दोन थर वर, उशी गेली. सगळे थर चढले की आडव्या माणसाला खिडकीतून नुसता पत्रा अन् आभाळ. बसून नव्हे, उभं राहून नव्हे. निजल्या जागेवरून, मान न उचलता दिसावं, इतकीच ती खिडकी खाली होती. खाली बसून बघितलं होतं तिनं, अन् अजून एक थर उतरवायला लावला होता.

हवा लगती, म्हणाली होती.

त्याला सोलापूरची खिडकी आठवली. तिच्याखाली लिंब होता.

बाहेरच्या रिकाम्या उशीकडं बघत त्यानं हळूच विचारलं, "सोए क्या जी?" गल्लीत कुणी ऐकायला नव्हतं. मग रस्त्यानं उसाची गाडी आली, भिंत रोजच्यासारखी थरथरली, पायांनी दाराकडं धाव घ्यायला बघितलं. त्यानं खिडकीचा गज मुठीत धरला. गाडी गेली. त्यानं गज सोडला नाही.

उजाडता उजाडता बिभीषण शेळ्या सोडून निघाला अन् अंगणाशी येऊन थबकला. बाज रिकामी! नुसती उशी, माणूस नाही. तीस वर्षांत असं झालं नव्हतं.

"खाज्या!" त्यानं हाळी दिली. "आरं ये खाज्या! कुठं गेलास?" घरामागं बघून आला, हौदात डोकावून आला, मग त्याचा आवाजच फाटला. "आगं धुरपता, ये लौकर, खाज्या न्हाय बाजंवर!"

"बोंबलू नगं," गुडघ्याच्या उंचीवरून आवाज आला. "आत हाय म्या."

बिभीषण गुडघे टेकून खिडकीत वाकला. आत खाजामियाँ, डोळे तांबडेलाल, एक हात गजावर.

"निजलास?"

"न्हाय. डोळ्याला डोळा न्हाय."

"मग?"

"पर भाईर आलो न्हाय."

बिभीषण उठला अन् बाजेवर जाऊन बसला. चेष्टा करायची ही केवढी मोठी संधी होती, पण त्यानं ती सोडून दिली. धुरपताबाई पळत आली, तिनं दोघांकडं बघितलं अन् चहा ठेवायला परत गेली.

फोन आला तेव्हा खाजामियाँनं एवढंच सांगितलं, "ताई, नाव राहू द्या. झोपंचं सांगता येत न्हाय. पर आत राहतो."

दुसऱ्या दिवशी नवी अडचण निघाली. घराला कुलूपच नव्हतं. मालक रात्रभर दारापुढं, दिवसा शेजारी धुरपताबाई, कुलूप कशाला लागेल? माणिकप्पाच्या हॉटेलशेजारच्या दुकानातून त्यानं कुलूप आणलं, दाराला लावलं, ओढून बघितलं अन् किल्ली बिभीषणाच्या हातावर ठेवली. पिशवीत स्वेटर, कानटोपी, थापी अन् ओळंबा. निरोप द्यायला बिभीषण, धुरपताबाई अन् दोन शेळ्या. फरहाना उमरग्याच्या स्टँडवर डबा घेऊन येणार होती.

"बाज आत ठिवू का तुझी?" बिभीषणानं विचारलं.

"आत जात न्हाय ती. बघितलंय म्या."

"मग म्या निजू का तिच्यावर अधनंमधनं?"

"तांब्या-पेला घेऊन ये मंग," खाजामियाँ म्हणाला, अन् जीपमध्ये चढला.

जीप उमरग्याच्या वाटेला लागली. दोन्हीकडं तुरी फुलल्या होत्या. त्यानं एकदा मागं वळून बघितलं. पत्रा दिसला, बाज दिसली नाही. ज्ञानेश्वरीताई शेजारी बसली होती. त्यानं तिला विचारलं, "ताई, तिथल्या घरांना खिडकी किती उंच घेतात?"

"नकाशात तीन फूट आहे. का हो चाचा?"

"खाली घ्यावी लागंल."

"कशासाठी?"

खाजामियाँनं बाहेर बघितलं.

"हवा लागती," तो म्हणाला.